सायकलीचे वजन : अंदाज आणि काटा

रायपूरच्या जुन्या वस्तीतील सदर बाजार ही सोन्याचांदीची पेठ आहे. येथे वजन वाढले की किंमत वाढते, आणि ग्राहकाची नजर सतत काट्यावर असते. तोळा, मासा आणि गुंज ही मापे कायद्याने कधीच मागे पडली. भारतात दशमान वजने १९५८ पासून लागू झाली. तरीही बाराशे ग्रॅम आणि बाराशे दहा ग्रॅम यांतील अंतर येथे कोणी क्षुल्लक मानत नाही. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्याच्या शहाण्णवाव्या हिश्श्याला, म्हणजे एका गुंजेलाही, या पेठेत किंमत आहे.

सायकलीच्या व्यवहारात हा न्याय उलटा होतो. तेथे वजन घटले की किंमत वाढते. ग्राहक जे पैसे मोजतो ते धातूसाठी नव्हे, तर काढून टाकलेल्या धातूसाठी. सराफाच्या भाषेत सांगायचे तर सायकलीच्या किमतीत धातूचा भाग थोडा आणि घडणावळीचा भाग मोठा असतो. मात्र सोन्याच्या व्यवहारात दर खेपेस हजर असणारा काटा सायकलीच्या व्यवहारात बहुधा नसतोच. सायकल डोळ्यांनी पाहून घेतली जाते, एकदा उचलून पाहिली जाते, आणि घरी गेल्यावर पहिल्या जिन्याशी किंवा पहिल्या चढाशी लक्षात येते की ती वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ जड आहे. विशेषतः डोंगरी सायकल, अर्थात माउंटन बाईक, घेणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो. हे वजन कोठून येते, ते टाळता येण्याजोगे असते काय, आणि ते खरोखर कोणाला जड जाते, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

डोंगरी सायकलीची घडण

डोंगरी सायकल जन्मापासूनच जड आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात काही तरुण १९७० च्या दशकात डोंगरउतारावरच्या कच्च्या वाटांनी सायकली पिटाळू लागले. त्यासाठी त्यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांतील जाड टायरांच्या जुन्या सायकली भंगारातून मिळविल्या. त्यांचे वजन वीस किलोंहून अधिक भरे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. ज्या वाटेवर ती होई तिला ‘रिपॅक’ असे नाव पडले. कारण उतरताना मागच्या चाकाच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. या कामासाठी मुद्दाम बनविलेली पहिली चौकट जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये तयार केली. पुढे गिअर आले, १९८९ च्या सुमारास पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी यंत्रणा आली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या सायकलीला खेळाचा दर्जा मिळाला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. जाड टायर, रुंद रिम, भक्कम चिमटा आणि जोरकस ब्रेक ही या सायकलीची लक्षणे सजावट म्हणून आलेली नाहीत. दगडधोंड्यांच्या उतारावर स्वाराचा जीव वाचविण्यासाठी ती आली आहेत. यांतील प्रत्येक लक्षणाला वजन आहे. भारतात मात्र १९९० च्या दशकापासून हीच आकृती शहरातील रस्त्यांवर लोकप्रिय झाली. उत्तर आणि मध्य भारतात ‘रेंजर’ या नावाने जाड टायरची सायकल ओळखली जाऊ लागली. डोंगर नसलेल्या गावातील मुलांनाही ती हवीशी वाटू लागली. रूप डोंगराचे आणि उपयोग सपाटीचा, अशी फारकत येथून सुरू झाली; आणि वजनाविषयीच्या अपेक्षाभंगाचे मूळही बऱ्याच अंशी याच फारकतीत आहे.

एकूण वजन आणि निव्वळ वजन

सराफाच्या पावतीवर वजनाचे दोन आकडे असतात. एक एकूण वजन, आणि दुसरे दागिन्यातील खडे व लाख वजा करून उरणारे निव्वळ वजन. दोन्ही आकडे खरेच असतात. पण कोणता आकडा कशाचा हे ज्याला कळत नाही तो फसतो.

सायकलीच्या माहितीपत्रकात छापलेले वजन हे असेच एका प्रकारचे निव्वळ वजन असते. ते बहुधा चौकटीच्या लहान मापाचे असते. उंच व्यक्तीला लागणाऱ्या मोठ्या मापात नळ्या लांब होतात आणि वजन वाढते. कित्येकदा ते पेडलांशिवाय मोजलेले असते. महागड्या सायकली पेडलांवाचून विकण्याची पद्धत असल्यामुळे यात लबाडी आहे असे म्हणता येत नाही. परंतु पेडलांची साधी जोडी तीनशे ते साडेचारशे ग्रॅम भरते. स्टँड, मडगार्ड, घंटी, कुलूप, दिवा, पाण्याची बाटली आणि तिचा पिंजरा यांपैकी काहीही त्या आकड्यात धरलेले नसते. ग्राहक मात्र या सर्वांसह सायकल घरी आणतो. एवढ्यानेच एक ते दीड किलोचा फरक सहज पडतो. स्वस्त सायकलींच्या बाबतीत तर वजनाचा आकडा अनेकदा छापलेलाच नसतो, आणि तेथे अपेक्षेला कल्पनेखेरीज दुसरा आधार राहत नाही.

सुट्या भागांची बेरीज

अपेक्षाभंगाचे याहून मोठे कारण दृष्टीत आहे. सायकल म्हटली की नजर चौकटीवर जाते. ‘चौकट ॲल्युमिनियमची आहे’ असे सांगितले की सायकल हलकी आहे असा निष्कर्ष मनाशी निघतो. परंतु चौकट हा सायकलीच्या वजनाचा एक लहान वाटा आहे. एखाद्या मध्यम किमतीच्या, ॲल्युमिनियम चौकटीच्या डोंगरी सायकलीचा नमुन्यादाखल हिशेब मांडला तर तो साधारणपणे असा येतो.

चौकट २.३ किलो. स्प्रिंगचा पुढचा चिमटा २.८ किलो. रिम, हब आणि आरे मिळून दोन्ही चाके २.६ किलो. मागील दातेरी चक्रांचा संच ०.६ किलो. दोन टायर १.७ किलो आणि दोन ट्यूब ०.४ किलो. क्रँक, त्याचा आस आणि पुढील दातेरी चक्रे १.५ किलो. साखळी ०.३ किलो. पेडल ०.४ किलो. हँडल, त्याचा दांडा आणि मुठी ०.९ किलो. सीट आणि तिचा खांब ०.९ किलो. डिस्क ब्रेक, त्यांच्या तबकड्या, तारा आणि दांड्या १.१ किलो. गिअर बदलण्याची यंत्रणा ०.९ किलो.

ही बेरीज १६.४ किलो होते. तीत चौकटीचा वाटा सातव्या हिश्श्याइतकाच आहे. पुढचा चिमटा एकटाच चौकटीपेक्षा जड आहे. चाके, टायर, ट्यूब आणि मागील चक्रे यांचे वजन पाच किलोंहून अधिक, म्हणजे चौकटीच्या दुपटीहून जास्त आहे. याच सायकलीला पोलादी चौकटीऐवजी ॲल्युमिनियमची चौकट घातल्याने फार तर एखादा किलो वाचला असेल. पण साध्या ताठ चिमट्याऐवजी स्प्रिंगचा चिमटा बसविल्याने जवळजवळ दीड ते दोन किलो परत चढले. एका हाताने वाचविलेले दुसऱ्या हाताने खर्ची पडले, आणि ग्राहकाला मात्र वाचविलेल्याचीच जाहिरात ऐकू आली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या यादीतील एकही वस्तू एकट्याने जड वाटत नाही. दोनशे ग्रॅमची ट्यूब किंवा तीनशे ग्रॅमची साखळी हातात घेतली तर तिचे ओझे कोणाला जाणवत नाही. वजन वाढते ते अशा तीस-चाळीस किरकोळ वजनांच्या बेरजेने. म्हणूनच हलकी सायकल बनविणे खर्चाचे ठरते. कारण तेथे एका जागी तीन किलो कमी करता येत नाहीत, तीस जागी शंभर-शंभर ग्रॅम कमी करावे लागतात, आणि प्रत्येक जागी अधिक चांगला धातू व अधिक काळजीपूर्वक घडण लागते.

धातूचा हिशेब

छत्तीसगढला पोलाद आणि ॲल्युमिनियम हे दोन्ही धातू परके नाहीत. रायपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या भिलाईच्या कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली, आणि कोरबा येथे ॲल्युमिनियमचा मोठा उद्योग उभा राहिला. या दोन धातूंची तुलना केली तर सायकलीच्या वजनाचे एक मर्म उलगडते.

पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम आहे. म्हणजे ॲल्युमिनियम जवळजवळ तीनपट हलके आहे. मग त्याची सायकल तीनपट हलकी का होत नाही? याचे कारण असे की ॲल्युमिनियम तितक्याच प्रमाणात लवचिकही आहे. समान आकाराच्या दोन पट्ट्या समान बलाने वाकविल्या तर ॲल्युमिनियमची पट्टी पोलादी पट्टीच्या जवळजवळ तिप्पट वाकते. वजन आणि ताठपणा यांचे गुणोत्तर दोन्ही धातूंत जवळपास सारखेच आहे; टायटॅनियमही याच रांगेत बसते. केवळ धातू बदलून निसर्गाकडून फुकट काही मिळत नाही.

लाभ होतो तो आकारातून. पातळ भिंतीच्या पोकळ नळीचे वजन तिच्या व्यासाच्या आणि भिंतीच्या जाडीच्या प्रमाणात वाढते; पण वाकण्याला होणारा तिचा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. समजा, नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी निम्मी केली. वजन तेवढेच राहील, परंतु ताठपणा चौपट होईल. बस्तरच्या जंगलातील बांबू याच तत्त्वावर उभा असतो. पोलादी नळीत ही युक्ती फार ताणता येत नाही, कारण भिंत कागदासारखी पातळ झाली की ती चेपते. ॲल्युमिनियम हलके असल्यामुळे त्याची नळी जाड व्यासाची करूनही भिंत पुरेशी जाड ठेवता येते. ॲल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या फुगीर दिसतात त्याचे कारण हेच.

याखेरीज आणखी एक अडचण आहे. धातूला पुनःपुन्हा थोडा थोडा ताण बसत राहिला तर तो थकतो आणि अखेर तडकतो. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ही थकावट जवळजवळ येतच नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. म्हणून त्याच्या चौकटीत जोडांशी जादा धातू ठेवावा लागतो. शुद्ध ॲल्युमिनियम तर सोन्याप्रमाणेच मऊ असते. दागिना टिकावा म्हणून सोनार शुद्ध सोन्यात तांबे व चांदी मिसळून बावीस कॅरटचे, म्हणजे ९१.६ टक्के शुद्धतेचे सोने वापरतो. त्याच न्यायाने सायकलीच्या ॲल्युमिनियममध्ये थोडे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळतात, आणि जोडकामाने नरम पडलेली चौकट भट्टीत विशिष्ट तापमानाची प्रक्रिया देऊन पुन्हा कठीण करतात.

पोलाद-पोलादातही भेद आहे. स्वस्त सायकलीचे साधे पोलाद आणि क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद यांची घनता सारखीच; परंतु दुसरे अधिक बळकट असल्यामुळे त्याची नळी पातळ करता येते. बर्मिंगहॅम येथील रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्येच टोकांशी जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले होते. जोडाशी ताण अधिक म्हणून तेथे धातू अधिक, मध्ये ताण कमी म्हणून तेथे धातू कमी. हलकेपणाची सारी विद्या या एका सूत्रात सामावली आहे : धातू जेथे हवा तेथेच ठेवावा. पण असे करण्यास श्रम आणि अचूकता लागते, आणि ती स्वस्त सायकलीत परवडत नाही. तेथे संपूर्ण नळी एकाच जाडीची, म्हणजे सर्वांत अधिक ताणाच्या जागेला लागेल तितकी जाड ठेवली जाते. स्वस्त सायकल जड असते ती या कारणाने.

दुकानात ‘अलॉय’ हा शब्द सैल अर्थाने वापरला जातो, याचाही उल्लेख केला पाहिजे. कित्येकदा रिम किंवा हँडल तेवढे ॲल्युमिनियमचे असते आणि चौकट पोलादी असते. सोन्याला कसोटीचा दगड, तसा येथे साधा लोहचुंबक उपयोगी पडतो. तो पोलादी नळीला चिकटतो, ॲल्युमिनियमच्या नळीला चिकटत नाही.

मजबुतीचे मोल

जड सायकल म्हणजे वाईट सायकल असा निष्कर्ष यावरून काढणे चूक ठरेल. भारतीय रस्त्यांवर कित्येक पिढ्या चाललेली काळी साधी सायकल कॅरियर, स्टँड आणि साखळीच्या झाकणासह वीस किलोंच्या आसपास भरते. तिच्यावर दुधाचे कॅन, भाजीच्या टोपल्या, धान्याची पोती आणि मागे बसलेला माणूस असा भार रोज वाहिला गेला आहे. मुंबईहून १९२३ मध्ये निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तरुण अशाच भक्कम सायकलींवरून जगाची प्रदक्षिणा करून १९२८ मध्ये परतले. त्या सायकलींचे वजन ही त्यांची उणीव नव्हती, तर वाटेत कोठेही दुरुस्त होण्याची आणि न मोडण्याची ती किंमत होती.

खरी डोंगरी सायकल हीच किंमत मोजते. उंचवट्यावरून आदळताना चाकावर येणारे बल स्वाराच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकते. सायकलींच्या सुरक्षिततेविषयीच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात चौकटीवर पेडलांच्या दाबासारखे बल एक लाख वेळा देऊन ती तडकत नाही ना हे पाहिले जाते, आणि शहरी सायकलीपेक्षा डोंगरी सायकलीसाठी हे बल अधिक ठेवले आहे. ही कसोटी उतरण्यासाठी लागणारा धातू काढून टाकणे म्हणजे बचत नव्हे. हँडलचा दांडा किंवा चिमट्याचा मधला खांब उतारावर तुटला तर स्वाराला सावरण्याची संधी मिळत नाही. शर्यतींच्या जगातही याची जाणीव आहे. रस्त्यावरील शर्यतींच्या सायकलींना आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ६.८ किलोंची किमान मर्यादा २००० सालापासून घातली आहे.

तेव्हा वजनाचे दोन प्रकार मानावे लागतात. एक कामाचे वजन, जे मजबुती देते. आणि दुसरे दिखाऊ वजन, जे केवळ मजबुतीचा देखावा करते. स्वस्त सायकलीतील स्प्रिंगचा चिमटा बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्यातील पोलादी स्प्रिंग थोडीशी खालीवर होते, परंतु तिच्या हालचालीला आवर घालणारी तेलाची यंत्रणा त्यात नसते. परिणामी धक्का नीट शोषला जात नाही आणि उभे राहून पेडल मारताना स्वाराची शक्ती स्प्रिंग दाबण्यात वाया जाते. चौकटीच्या मध्यावर बसविलेली दुसरी स्प्रिंग असेल तर वजन आणि अपव्यय दोन्ही वाढतात.

वजनाने किती फरक पडतो

आता दुसऱ्या बाजूने विचार करू. पासष्ट किलोंचा स्वार, सतरा किलोंची सायकल आणि तीन किलोंचे सामान, असा एकूण भार ८५ किलो धरू. सायकल तीन किलोंनी हलकी घेतली तर काय साधेल?

पुण्याजवळच्या सिंहगडासारख्या, सुमारे सहाशे मीटर उंची चढावयाच्या घाटात ८५ किलो वर नेण्यास जवळजवळ पाच लाख ज्यूल ऊर्जा लागते. सरावाचा स्वार दीडशे वॅट शक्ती सतत देत राहिला तर निव्वळ चढण्याच्या कामाला सुमारे ५५ मिनिटे लागतात. तीन किलो कमी झाल्याने यातील दोन मिनिटे वाचतात. शर्यतीत दोन मिनिटे फार मोठी. पण सहलीला निघालेल्या माणसाला ती जाणवणारही नाहीत.

रायपूर शहर तर सपाटीवर वसलेले आहे. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना मुख्य अडथळा टायर आणि रस्ता यांच्यातील असतो. खोल खाचांचा, हवा कमी असलेला जाड टायर डांबरी रस्त्यावर भाराच्या दीड टक्क्याइतका विरोध करतो असे धरले, तर ८५ किलोंच्या भाराला तो सुमारे १,२७५ ग्रॅम वजनाइतका होतो. त्याऐवजी गुळगुळीत टायर घालून योग्य हवा भरली आणि विरोध ०.८ टक्क्यांवर आला, तर तो ६८० ग्रॅम राहतो. म्हणजे टायर बदलून जवळजवळ सहाशे ग्रॅमचा विरोध कमी होतो. सायकल तीन किलोंनी हलकी करून मात्र केवळ पंचेचाळीस ग्रॅमचा विरोध कमी होतो. जी सायकल ‘जड जाते’ अशी तक्रार असते ती पुष्कळदा वजनाने नव्हे, तर टायरांनी जड जात असते. आठवड्यातून एकदा हवा तपासणे आणि साखळीला तेल देणे यांचा उपयोग महागड्या हलक्या भागांहून अधिक होतो.

वजन कोणाला जड जाते

तरीही वजनाचा प्रश्न एका ठिकाणी खरोखर गंभीर होतो, आणि नेमके तेथेच त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ते ठिकाण म्हणजे मुलांची सायकल.

तीस किलो वजनाच्या मुलाला दोन स्प्रिंगा, जाड टायर आणि डिस्क ब्रेक असलेली चौदा किलोंची सायकल घेऊन दिली, तर ती त्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी होते. पासष्ट किलोंच्या प्रौढाला हाच अनुभव घ्यायचा झाला तर त्याला तीस किलोंची सायकल चालवावी लागेल. एवढी जड सायकल कोणताही प्रौढ स्वतःसाठी निवडणार नाही. मुलाला मात्र ती पायरीवरून उचलावी लागते, पडली तर उभी करावी लागते, आणि रहदारीत एकाएकी वळवावी लागते. मूल थकते, मागे पडते, आणि काही दिवसांनी सायकल भिंतीशी टेकून राहते. घरची माणसे समजतात की त्याला सायकलीची आवड नाही. वस्तुतः त्याने जे नाकारले असते ते सायकल चालविणे नव्हे, तर ते ओझे असते.

शाळेसाठी रोज चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या मुलींच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. छत्तीसगढ शासनाच्या सरस्वती सायकल योजनेतून नववीच्या पात्र मुलींना दिल्या जाणाऱ्या सायकली साध्या, एका गतीच्या आणि कॅरियर असलेल्या असतात. दिसण्यात त्या डोंगरी सायकलीची बरोबरी करीत नाहीत. परंतु त्यांच्यातील बहुतेक वजन कामाचे असते. कॅरियर दप्तर वाहते, मडगार्ड कपडे वाचवते, आणि गावातील कोणताही कारागीर ती दुरुस्त करू शकतो.

घरच्या घरी वजन

सायकलीचे वजन करणे मुळीच अवघड नाही. घरातील वजनकाट्यावर प्रथम माणसाने एकट्याने उभे राहावे आणि आकडा टिपून घ्यावा. नंतर सायकल उचलून पुन्हा उभे राहावे. दोन आकड्यांतील वजाबाकी म्हणजे सायकलीचे वजन. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत काट्याची लहानशी चूकही ठळक होते. म्हणून हे दोन-तीन वेळा करून मधला आकडा धरावा. भंगाराच्या किंवा धान्याच्या दुकानातील लटकता काटा मिळाला तर काम अधिक नेमके होते. सीटच्या खाली दोर बांधून सायकल त्यावर टांगली की झाले.

आणखी एक रीत बोधप्रद आहे. पुढचे चाक काट्यावर आणि मागचे तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून एक आकडा घ्यावा. मग चाकांची अदलाबदल करून दुसरा घ्यावा. दोन्ही आकड्यांची बेरीज ही सायकलीचे वजन असते. स्प्रिंगचा चिमटा असलेल्या सायकलीत पुढच्या चाकावर किती भार आहे हे या रीतीने तत्काळ दिसून येते, आणि वजन नेमके कोठे साठले आहे हे आकड्यांनीच सिद्ध होते.

निष्कर्ष

सायकल घेताना विचारावयाचा प्रश्न ‘ही हलकी आहे काय’ एवढाच नाही. चौकट कशाची आहे हे लोहचुंबकाने पाहावे. छापलेले वजन कोणत्या मापाचे आणि पेडलांसह आहे की नाही हे विचारावे. स्प्रिंगचा चिमटा खरोखर हवा आहे काय याचा विचार करावा. ज्याचा रोजचा रस्ता डांबरी आहे त्याला ताठ चिमट्याची आणि मध्यम जाडीच्या टायरांची सायकल त्याच किमतीत अधिक हलकी आणि अधिक टिकाऊ मिळते. ज्याला दगडी वाटांवर जावयाचे आहे त्याने वजनाची तक्रार न करता ते मजबुतीचे मोल म्हणून स्वीकारावे. आणि सायकल मुलासाठी घ्यावयाची असेल तर तिचा रंग आणि गिअरांची संख्या पाहण्यापूर्वी ती काट्यावर ठेवावी, आणि येणारा आकडा मोठ्या माणसाच्या नव्हे, त्या मुलाच्या वजनाशी ताडून पाहावा. मुलाच्या वजनाच्या निम्म्याच्या जवळ जाणारी सायकल, ती कितीही आकर्षक असली तरी, त्याच्या उपयोगाची नाही.